हिरव्या बुरशीची कुळकथा

लातूरकडं तूर ऐन फुलात येते आणि मधूनच काही झाडं माना टाकतात. रानात ओल असते, तरी झाड उभ्या जागी वाळतं. शेतकरी म्हणतो, तूर उधळली. अशा झाडाचं खोड विळ्यानं उभं चिरलं, की पांढऱ्या लाकडात काळपट रेघा वर चढलेल्या दिसतात. मुळातून शिरलेली बुरशी पाण्याच्या वाटाच बुजवून टाकते. या मर रोगाच्या बुरशीला बुरशीशास्त्रज्ञ बटलर यांनी १९१० मध्ये फ्युजेरियम उडम हे नाव दिलं. तेव्हा ते बिहारातल्या पुसा इथं होते.

उतारा मात्र त्याच मातीत, मुळांना बिलगून नांदत होता. त्याचं बारसंही आधीच झालेलं. पर्सून या अभ्यासकानं १७९४ मध्ये त्याला ट्रायकोडर्मा म्हटलं. ग्रीकमध्ये थ्रिक्स म्हणजे केस, डर्मा म्हणजे कातडी. डोळ्यांना जेवढं दिसलं, तेवढंच नावात आलं. या बुरशीचं खरं काम कळायला १९३२ साल उजाडलं. कॅलिफोर्नियात वाइंडलिंग हे संशोधक लिंबूवर्गीय रोपांच्या मरीवर काम करत होते. ही बुरशी रोगाच्या बुरशीच्या धाग्याला वेलासारखे वेढे घालते आणि त्यावरच पोसते, हे त्यांनी दाखवून दिलं. बुरशीलाही बुरशी लागते! या कुळकथेत मला याहून मोठं काही वाटत नाही.

आता तुरीच्या, हरभऱ्याच्या बियाण्याला ती चोळतात. नांदेडात अर्धापूरच्या हळदपट्ट्यात कंदकुजीसाठी बेण्याला लावतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या 'बायोमिक्स' या मिश्रणातही इतर उपयोगी सूक्ष्मजीवांसोबत ती असते. पण तिला औषध समजून पुडा पत्र्याखाली तापत ठेवला, की घात झालाच. ती जिवंत आहे. तिला ओल हवी, सावली हवी, खायला सेंद्रिय खत हवं. मर लागलेलं झाड ती परत उठवत नाही. तिचा पहारा पेरणीआधीच बसवावा लागतो.

म्हणून जाणते शेतकरी ती थेट रानात फेकत नाहीत. कुजलेल्या शेणखतात कालवतात, पाणी शिंपडतात, वर ओलं पोतं टाकून ढीग सावलीत ठेवतात. आठवडाभरानं पोतं उचललं, की काळ्या खतावर आधी पांढरी आणि मग हिरवट लव धरलेली दिसते.