मेग्ज फील्ड : रातोरात बंद पडलेलं विमानतळ
अमेरिकेतील शिकागो शहराच्या मध्यवस्तीला लागून, मिशिगन सरोवरातील नॉर्दर्ली आयलंडवर १९४८ मध्ये हे छोटे विमानतळ सुरू झाले. धावपट्टी एकच, सुमारे ३,९०० फुटांची. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर गेममुळे ते जगभर ओळखीचे झाले. महापौर रिचर्ड एम. डेली यांना मात्र तिथे उद्यान हवे होते. ३० मार्च २००३ च्या रात्री, पूर्वसूचना न देता, त्यांच्या आदेशावरून बुलडोझरनी धावपट्टीवर 'एक्स' आकाराचे मोठमोठे खड्डे खोदले. तिथे उभी १६ विमाने अडकली. नंतर ती टॅक्सीवेवरून उडवावी लागली. कारण दिलं सुरक्षेचं. पुढे शहराला दंड झाला, ३३,००० डॉलर! आज तिथे उद्यान आहे. पण आम्ही विचारतो, आधी बुलडोझर आणि मग कारण, हा कुठला न्याय?