वृद्धांची सामुदायिक परिचर्या
ज्येष्ठांना राहत्या घरी व वस्तीत मिळणारी शुश्रूषा. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांची साप्ताहिक तपासणी, जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा कक्ष आणि अंथरुणाला खिळलेल्यांसाठी गृहभेटी अशी रचना आहे. स्थानिक पातळीवर पाहता, छत्रपती संभाजीनगरात १९५६ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे ‘घाटी’ रुग्णालय मराठवाड्याचा मोठा आधार आहे. १९८९ पासून तेथील डॉ. हेडगेवार रुग्णालयानेही सेवावस्त्यांत (गरीब वस्त्यांत) काम उभारले. गृहभेटीत परिचारिका रक्तदाब मोजते, टाचा व माकडहाडाजवळची त्वचा लाल झाली आहे का ते पाहते आणि शय्याव्रण टाळण्यासाठी दर दोन तासांनी कूस बदलण्याची रीत घरच्यांना शिकवते. अशा भेटींच्या काटेकोर नोंदी परिचर्या-संशोधनालाही उपयोगी पडतात.