पालेर्मोच्या बागेंतील एक सकाळ

प्रवासांत भल्या सकाळीं एकट्यानें हिंडावयास निघणाऱ्या मनुष्याच्या हातीं काय लागेल, याचा भरंवसा त्याला स्वतःलाही नसतो. शाकुंतलाच्या स्तुतीमुळें आपल्याकडील सुशिक्षितांस परिचित झालेला जर्मन कवि गटे याच्या चरित्रांतील १७ एप्रिल १७८७ ची सकाळ आम्हांला या दृष्टीनें मोठी मननीय वाटते.

त्याच्या इटलीच्या प्रवासाचा आरंभच पहांटेचा. ३ सप्टेंबर १७८६ रोजीं पहांटे तीन वाजतां तो कार्ल्सबाडहून गुपचूप निघाला. वायमारच्या दरबारी कारभारांत त्याच्यांतला कवि गुदमरला होता; स्नेह्यांनीं अडवूं नये म्हणून त्यानें कोणाचा निरोप घेतला नाहीं, आणि वाटेंत नांवही खोटें सांगितलें. पादुआच्या वनस्पति-उद्यानांत १५८५ सालीं लावलेलें ताडाच्या जातीचें एक झाड त्यानें पाहिलें. बुडाशीं साधीं, भाल्यासारखीं पानें. वर जावें तसतशीं तीं चिरत जाऊन अखेर त्यांचा पंखा झालेला! माळ्याकडून त्यानें तीं पानें क्रमानें कापून घेतलीं व जपून बरोबर नेलीं. (तें झाड अद्यापि उभें असून गटेच्याच नांवानें ओळखलें जातें.)

पुढें सिसिलींत पालेर्मो येथें समुद्राकांठच्या सार्वजनिक बागेनें त्याला होमरच्या काव्यांतील आल्किनोअस राजाच्या उद्यानाची आठवण करून दिली, आणि त्या राजाची कन्या नौसिकाआ हिच्यावर नाटक लिहावें असें त्याच्या मनानें घेतलें. त्या सकाळीं तो बागेंत गेला तो याच नाटकाचें चिंतन करण्यासाठीं. परंतु उत्तरेकडे कुंड्यांतून आणि कांचेखालीं खुरटणाऱ्या वनस्पति येथें मोकळ्या आभाळाखालीं यथेच्छ वाढलेल्या! या गर्दींत सर्व वनस्पतींची मूळ वनस्पति सांपडणार नाहीं काय, या प्रश्नानें त्याला पछाडलें. सर्वांचा सांचा एक नसता, तर अमुक एक वस्तु वनस्पति आहे हें आपण ओळखतों तरी कसें? झालें, राजकन्या बाजूला राहिली.

हा वृत्तांत गटेनें जवळजवळ तीस वर्षांनंतर ग्रंथरूपानें सिद्ध केला, तेव्हां स्मृतीनें थोडी रंगसफेदी केली नसेलच असें नाहीं. परंतु परिणाम खोटे नाहींत. १७९० सालीं वनस्पतींच्या रूपांतरावरील त्याचा छोटा ग्रंथ निघाला; पाकळी काय, पुंकेसर काय, एकाच पर्णरूप अवयवाचीं हीं रूपांतरें, असें त्याचें प्रतिपादन. मूळ वनस्पति मात्र कधींच सांपडली नाहीं. १७९४ मध्यें शिलरनें, हा अनुभव नव्हे, ही केवळ कल्पना, असें तोंडावर सांगितलें, तें गटेला बरेंच झोंबलें. शिलरचें म्हणणें खरें होतें, असें आम्हांला वाटतें. तरीही १९९१ च्या सुमारास आनुवंशशास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, ठराविक जनुकें निकामी झालीं म्हणजे फुलाच्या अवयवांच्या जागीं पानांसारखे अवयव येतात.

नाटकाचे मात्र कांहीं तुकडेच काय ते उरले. काव्यरसिक त्याबद्दल हळहळतात, व आम्हीही त्यांच्यांतच आहों. स्वतः गटेनेंही त्या दिवसाच्या टिपणांत, आपलें मन असें नाना दिशांना कां ओढलें जातें, म्हणून कुरकुर केलेलीच आहे.