राखेच्या विटेचा कायदा

आजच्या भागात आम्ही एका कायद्याची गोष्ट सांगणार आहोत. हा कायदा सरकारी बांधकामाचा आहे. शाळेची खोली, अंगणवाडी, गावचा रस्ता, घरकुल हे सगळं ज्या विटांचं आणि सिमेंटचं होतं, त्यात राख किती असावी हे तो सांगतो. एवढ्याशा गोष्टीला कायदा कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. पण या राखेमागे आपली शेतातली माती आहे, वीज आहे आणि दरवर्षी वाढत चाललेलं ऊनही आहे.

चुलीतली राख आपल्याला नवी नाही. भांडी घासायला, धान्याला कीड लागू नये म्हणून, परसातल्या वेलींना, अशी ती घरोघर कामी येत आली आहे. आता विजेच्या कारखान्याची चूल डोळ्यांपुढे आणा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी, भुसावळ, एकलहरे ही आपल्या राज्यातली कोळशावर चालणारी वीज केंद्रं. आपल्या देशातल्या कोळशात राखेचं प्रमाण फार. १०० किलो कोळसा जाळला तर साधारण ३० ते ४५ किलो राख उरते. त्यातली बरीचशी पिठासारखी बारीक असते आणि धुराबरोबर वर जाते. धुराड्यात ती यंत्राने अडवतात. हिलाच फ्लाय ॲश किंवा उडती राख म्हणतात.

एवढ्या राखेचं करायचं काय? पूर्वी ती पाण्यात कालवून नळाने दूर सोडत आणि मोठमोठ्या बांधांत साठवत. त्यासाठी गावांच्या जमिनी गेल्या. उन्हाळ्यात बांध वाळला की राख वाऱ्यावर उडे. ती पिकावर, विहिरीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसे आणि श्वासावाटे छातीत जाई. १९९६-९७ साली देशात सुमारे ६ कोटी ९० लाख टन राख निघाली, असं केंद्रीय वीज प्राधिकरणाचे आकडे सांगतात. त्यातली जेमतेम दहा टक्के कामी आली. बाकीची पडून राहिली.

त्याच काळात दुसरीकडे शेतं खरवडली जात होती. भाजक्या विटेला चांगली माती लागते, आणि ती शेताच्या वरच्या थरातच असते. हा थर तयार व्हायला शेकडो वर्षं जातात. भट्टीवाल्याला तो एका हंगामात विकला की पुढची कित्येक वर्षं त्या शेतात जोमदार पीक येत नाही. एकीकडे मातीची चणचण आणि दुसरीकडे राखेचे डोंगर. मग राखेचीच वीट का करू नये, असा विचार पुढे आला. राख, चुना किंवा थोडं सिमेंट आणि कच किंवा वाळू कालवून यंत्रात दाबली की वीट तयार होते. तिला भट्टी लागत नाही. पाणी मारून ती पक्की होते. म्हणजे मातीही वाचते आणि भट्टीत जळणारा कोळसा, भुसा, लाकूडही वाचतं.

हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. राखेबद्दलचा अंतिम आदेश लवकर काढा, असं न्यायालयाने ऑगस्ट १९९९ मध्ये केंद्र सरकारला बजावलं. त्यानंतर १४ सप्टेंबर १९९९ रोजी पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली अधिसूचना काढली. वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत जो भट्टीवाला मातीच्या विटा पाडेल, त्याने मातीत वजनाने निदान २५ टक्के राख मिसळावी, असं तिच्यात होतं. वीज केंद्राने निदान दहा वर्षं राख फुकट द्यावी, असंही होतं. सार्वजनिक बांधकाम खात्यांनी आणि महामार्ग प्राधिकरणाने आपल्या कामांच्या नियमांत राखेच्या मालाला जागा द्यावी, असं बंधन घातलं. जुन्या वीज केंद्रांना सगळी राख कामी लावायला पंधरा वर्षांची मुदत मिळाली. म्हणजे २०१४ पर्यंत.

इथून पुढची गोष्ट म्हणजे मुदतवाढीची गोष्ट.

ऑगस्ट २००३ मध्ये नियम बदलला. ५० किलोमीटरचं वर्तुळ १०० किलोमीटरचं झालं. आता फक्त वीट पाडणाऱ्यावर नाही, तर वीट वापरणाऱ्यावरही बंधन आलं. बांधकाम करणाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने राखेच्या विटा वाढवत न्यायच्या आणि २००७ पर्यंत सगळ्या विटा राखेच्या करायच्या, असं ठरलं. नोव्हेंबर २००९ मध्ये पुन्हा बदल झाला. सगळी राख वापरण्यासाठी वीज केंद्रांना आणखी पाच वर्षं मिळाली. २०१४ साल आलं आणि गेलं, राख संपली नाही. जानेवारी २०१६ मध्ये नवी तारीख पडली, ३१ डिसेंबर २०१७. वर्तुळ आता ३०० किलोमीटरचं झालं. राज्याच्या नकाशावर प्रत्येक वीज केंद्राभोवती एवढं वर्तुळ काढून बघा, जवळजवळ सगळा महाराष्ट्र त्यात येतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने राख वापरण्याचं स्वतःचं धोरणही आणलं.

मैत्रिणींनो, २०१६ च्या अधिसूचनेतली एक ओळ थेट आपल्या गावापर्यंत येते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना, रोजगार हमी, स्वच्छ भारत, शहरी आणि ग्रामीण घरकुल अशा सरकारी योजनांच्या बांधकामात राखेच्या विटा आणि राखेचा माल वापरणं सक्तीचं केलं गेलं. म्हणजे जो नियम वीज केंद्राच्या फाटकापासून निघाला, तो सतरा वर्षांनी आपल्या गावातल्या सरकारी योजनांपर्यंत आला. पण ही ओळ गावात किती जणींना ठाऊक आहे? अंदाजपत्रक करणाऱ्याने ती वाचली का, ठेकेदाराला सांगितली का, हा प्रश्न ग्रामसभेत कधी निघाला का?

शेवटचा मोठा बदल ३१ डिसेंबर २०२१ चा. तो १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. पहिल्यांदाच न वापरलेल्या राखेवर दंड आला. जो प्रदूषण करेल तो भरेल, या तत्त्वाने वीज केंद्राने ठरलेल्या मुदतीत राख वापरली नाही तर टनामागे १,००० रुपये भरायचे. जुन्या बांधांत साचलेली राखही दहा वर्षांत कामी लावायची. हा धाक हवाच होता. त्याच वर्षी जुलैच्या पावसात नागपूरजवळचा खसाळ्याचा राखेचा बांध फुटला आणि राखेचं पाणी नाल्यांत, शेतांत शिरलं. कागदावर राख 'शिल्लक' असते, तेव्हा ती कुणाच्या तरी शेताच्या डोक्यावर उभी असते.

मग इतक्या वर्षांत काहीच झालं नाही का? तसंही नाही. २०२०-२१ साली देशात सुमारे २३ कोटी २५ लाख टन राख निघाली आणि त्यातली ९२ टक्के कामी आली. दहा टक्क्यांवरून ब्याण्णव टक्के ही वाढ मोठी आहे. मात्र त्यात विटांपेक्षा सिमेंट कारखान्यांचा वाटा जास्त. आणि कार्बनची गोष्ट सुरू होते ती या सिमेंटपासून.

सिमेंट करताना चुनखडीचा दगड प्रचंड आचेवर भाजावा लागतो. आच द्यायला कोळसा जळतो, त्याचा धूर वेगळाच. पण दगड तापला की खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. १ टन शुद्ध चुनखडी भाजली की सुमारे ४४० किलो हा वायू बाहेर पडतो. हा वायू हवेत साचतो, उष्णता धरून ठेवतो आणि हवामान बिघडवतो. जगात माणसांमुळे जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. आता भाजलेल्या दगडाचा काही भाग कमी करून त्याजागी राख घातली, तर तेवढा दगड भाजावाच लागत नाही. पीपीसी नावाच्या सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख घालता येते. ५० किलोच्या पोत्यात ३० टक्के राख असेल, तर १५ किलो राखच झाली.

म्हणजे माती वाचवायला आणि राख संपवायला केलेल्या नियमाने कार्बनही कमी केला. पण आपल्या या नियमात कार्बनचं मोजमाप नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने २०१७ साली वेगळा कायदा केला. सरकारी बांधकामाला लागणारं पोलाद, सळया आणि काच तयार करताना किती कार्बन हवेत गेला, याचा दाखला विकणाऱ्याने द्यायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या आत असायला हवा. कायदा झाला २०१७ ला आणि मर्यादा सक्तीने लागू झाली जुलै २०२२ मध्ये. मुदत तिथेही पुढे गेली. सरकार सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असतं, आणि गिऱ्हाइकाने मागणी बदलली की कारखान्याला माल बदलावा लागतो, हा त्यामागचा साधा व्यवहार. आठवडी बाजारात आपणही तेच करतो.

या इतिहासात दोन गोष्टी डोळ्याआड होऊ द्यायच्या नाहीत. पहिली, राख फुकट होती तेव्हा छोट्या वीट उद्योगांना ती परवडत होती. सिमेंट कारखान्यांना ती हवीशी झाली तशी तिला किंमत आली. २००९ च्या अधिसूचनेत छोट्या उद्योगांसाठी कोरड्या राखेतला २० टक्के वाटा फुकट राखून ठेवावा लागला, तो यासाठीच. दुसरी, या अधिसूचनांत राखेचे टक्के आहेत, किलोमीटर आहेत, दंड आहे. भट्टीवर माती मळणाऱ्या, डोक्यावर विटा वाहणाऱ्या, हंगामाला लेकरांसह गाव सोडणाऱ्या बाईच्या रोजगाराची तरतूद नाही. मातीची वीट कमी झाली तर तिच्या हाताला कोणतं काम, हे त्या कागदांनी विचारलेलं नाही. ते आपण विचारलं पाहिजे. राखेच्या विटांचा कारखाना गावाजवळ निघत असेल, तर तिथलं काम आधी या बायांना मिळावं, असा ठराव ग्रामसभा करू शकते.

आणि एक गोष्ट थेट आपल्या हातातली. राखेचं सिमेंट सुरुवातीला सावकाश पक्कं होतं. त्यामुळे त्याला जास्त दिवस ओलं ठेवावं लागतं. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान सात दिवस, तर राखेच्या सिमेंटच्या काँक्रीटला निदान दहा दिवस, असं भारतीय मानक सांगतं. पाणी मारायचं काम बहुतेक घरांत बाईकडेच येतं. सातव्या दिवशी पाणी थांबलं, भेग पडली, की दोष राखेवर येतो. म्हणून तीन दिवस जास्त पाणी मारा आणि गवंड्यालाही तसं सांगा.

गटाच्या पुढच्या बैठकीत गावातल्या एखाद्या सरकारी कामाचं अंदाजपत्रक मागवा. त्यात वीट कोणती लिहिली आहे, सिमेंट कोणतं लिहिलं आहे, ते बघा. मग कामावर जाऊन पोत्यावरची अक्षरं वाचा. राखेची वीट मिळत नाही किंवा महाग पडते, असं उत्तर आलं तर तेही लेखी मागा. २०२१ च्या नियमात सक्ती आहे ती माल उपलब्ध असेल आणि दर इतर मालापेक्षा जास्त नसेल तरच. ही पळवाट खरी आहे की सोयीची, हे दर बघितल्यावरच कळेल. माहितीच्या अधिकाराखाली कामाची पाहणी करता येते आणि मालाचा नमुनाही मागता येतो.

१९९९ पासून या नियमाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली, कारण कामाच्या जागी उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. तारखा दिल्लीत ठरतात. वीट मात्र आपल्याच गावात रचली जाते.

तुमच्या गावच्या कामात काय दिसलं, ते आम्हाला जरूर कळवा.