विगनच्या कुस्तीची वाटणी

इंग्लंडच्या लँकेशर परगण्यात, विगन आणि बोल्टनच्या आसपास, एकोणिसाव्या शतकात कोळशाच्या खाणीतले आणि कापडगिरण्यांतले कामगार एक कुस्ती खेळत. नाव ‘कॅच-ॲज-कॅच-कॅन’, म्हणजे जमेल तसं धर. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली हात लावायचा नाही, कंबरलंडच्या कुस्तीत दोघांनी आधी ठरलेली मिठी घालूनच सुरुवात करायची; इथं असलं काही नव्हतं. पाय धरा, जमिनीवर लोळा, हात पिरगाळा. जिंकण्याचे रस्ते दोन. एकतर समोरच्याचे दोन्ही खांदे जमिनीला टेकवायचे, नाहीतर सांध्याला असा पीळ द्यायचा की त्यानं स्वतःहून हार मानावी.

या कुस्तीची सगळी अक्कल या दोन रस्त्यांच्या जोडीत आहे. खाली पडलेला गडी चितपट टाळायला पालथा वळतो, आणि वळताना हात नाहीतर मान उघडी टाकतो. तो हात वाचवायला गेला की खांदे टेकतात. अशा कात्रीत धरणाऱ्या, सांधा निकामी करू शकणाऱ्या पकडींना हे लोक ‘हुक’ म्हणत. त्यातली सगळ्यांत नावाजलेली ‘डबल रिस्टलॉक’. एका हातानं समोरच्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलंच मनगट पकडायचं आणि त्याचा कोपरात वाकलेला हात पाठीकडं रेटत न्यायचा. वेळेत शरण आला नाही, तर खांदा जागचा हलतो.

अमेरिकेत ही कुस्ती जत्रांच्या तंबूंत शिरली. जत्रेचा पैलवान गावकऱ्यांना आव्हान द्यायचा: ठरलेली मिनिटं माझ्यासमोर टिकून दाखवा आणि पैसे घेऊन जा. गावातला दांडगा शेतकरी चितपट होता होत नसेल, तर पैसे वाचवायला हुकच लागायचा. आयोवाच्या फार्मर बर्न्सनं १९१४ मध्ये कुस्तीचे धडे टपालानं विकायला काढले. त्याचा चेला फ्रँक गॉच यानं १९०८ मध्ये शिकागोत जॉर्ज हॅकनश्मिटला हरवून जगज्जेतेपद घेतलं.

१९१० मध्ये आपल्याकडचा गामा पैलवान लंडनला गेला, तो याच नियमांनी लढायला. १० सप्टेंबरला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को त्याच्यासमोर अडीच तासांच्या आसपास बहुतेक वेळ मॅटला चिकटून बसला. कुस्ती निकाली झाली नाही. आठवड्यानं पुन्हा भिडायचं ठरलं होतं, तेव्हा झिबिस्को फिरकलाच नाही. विजेत्याचा पट्टा गामाला मिळाला.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या कुस्तीचा धंदा पुरता नुरा झाला. तासन्‌तास मॅटवर पडून राहणाऱ्या खऱ्या कुस्त्यांना तिकिटं खपत नव्हती. एड ‘स्ट्रँगलर’ लुईस, बिली सँडो आणि टूट्स माँट या तिघांनी कुस्तीला वेळेचं बंधन घातलं, उड्या आणि आपटाआपटी आणली, निकाल आधीच ठरवले. पण ठरवून खेळणाऱ्यांत एखाद्यानं ऐनवेळी शब्द फिरवला तर? १५ एप्रिल १९२५ रोजी फिलाडेल्फियात नेमकं तेच झालं. वेन मन नावाच्या फुटबॉलपटूला या तिघांनी विजेता बनवलं होतं. त्याच्यासमोर पडायचं कबूल करून आलेल्या पैलवानानं त्याला खरोखरच चीत केलं आणि किताब पळवला. हा पैलवान म्हणजे गामाला टाळून गेलेला झिबिस्को! त्या वेळी तो पंचेचाळिशीच्या आसपास होता. मला तरी त्याच्या साऱ्या कारकिर्दीत हीच संध्याकाळ सगळ्यांत मोठी वाटते.

म्हणून नुरा कुस्तीच्या धंद्याला खऱ्या हुकवाल्यांची गरज कायम राहिली. बाहेरचा कुणी आगाऊपणा करू लागला तर त्याला मॅटवरच समज देणारा माणूस पदरी लागायचा. विद्या टिकली ती अशी, पहारेकऱ्याच्या नोकरीवर.

या कुस्तीच्या घराण्याची वाटणी झाली म्हणायला हरकत नाही. चितपटीचा हिस्सा हौशी कुस्तीकडं गेला. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये कॅचचा समावेश झाला, पुढं त्यातून घातक पकडी काढून टाकल्या गेल्या आणि आजची फ्रीस्टाइल उरली. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आणलं ते या शाखेतलं. हुकांचा हिस्सा मात्र धंदेवाईकांकडं राहिला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा फ्लायवेटला सहावे आले, त्याच स्पर्धेत बेल्जियमकडून कार्ल इस्ताझ नावाचा धिप्पाड गडी उतरला होता. पुढं तो विगनला बिली रायलीच्या तालमीत गेला. या तालमीला लोक ‘स्नेक पिट’ म्हणत. ऑलिंपिक खेळून आलेल्याला तिथं हुकांची मुळाक्षरं गिरवावी लागली. नंतर त्यानं फ्रँकचं आडनाव उचललं आणि तो कार्ल गॉच झाला.

अमेरिकेतल्या तमाशात गॉचचं फारसं जमलं नाही. जपानमध्ये मात्र त्याला ‘कुस्तीचा देव’ म्हणू लागले. तिथला पैलवान अंतोनियो इनोकी याच्या चेल्यांना त्यानं हुक शिकवले, आणि अंग घडवायला दिल्या त्या आपल्याकडच्या पैलवानांच्या जोर-बैठका आणि मुद्गल. १९७६ च्या डिसेंबरात इनोकी कराचीत अक्रमसमोर उभा राहिला. अक्रम हा गामाचा भाऊ इमामबक्ष याचा मुलगा. इनोकीनं डबल रिस्टलॉक लावला. अक्रम शरण येईना, आणि हात गेला. अडीच वर्षांनी लाहोरला त्याच घराण्यातल्या कोवळ्या झारानं इनोकीला जिंकू दिलं नाही. शेवटी इनोकीनंच त्याचा हात उंचावला.

गॉचच्या चेल्यांना लवकरच नुरेपणा खुपू लागला. निकाल न ठरवता लढायला सातोरू सायामानं ‘शूटो’ काढलं. मासाकात्सू फुनाकी आणि मिनोरू सुझुकी यांनी ‘पँक्रेस’. त्याची पहिली स्पर्धा २१ सप्टेंबर १९९३ ला झाली. अमेरिकेतली पहिली यूएफसी ही खुल्या लढतींची स्पर्धा त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ नोव्हेंबरला डेनव्हरमध्ये. पँक्रेसच्या पहिल्याच रात्री फुनाकीला हरवणारा केन शॅमरॉक डेनव्हरलाही गेला आणि तिथं ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीनं त्याला गळा आवळून हरवलं. जग ग्रेसींच्या जुजुत्सूवर लुब्ध झालं, आणि ते रास्तच होतं. पाठीवर पडून लढता येतं हे त्यांनी दाखवलं. विगनमध्ये पाठीवर पडणं म्हणजे हरणं.

एमएमए, म्हणजे पिंजऱ्यातल्या मिश्र लढतींमधल्या कॅचच्या वाट्याचं श्रेय देताना मात्र थोडा हात आखडावा. पिंजऱ्यात खांदे टेकवल्याला गुण नाहीत, आणि तिथले बरेच बलाढ्य पैलवान अमेरिकेच्या कॉलेजांतल्या कुस्तीतून येतात, स्नेक पिटमधून नव्हे. पण ती कॉलेजची कुस्तीही याच घराण्याची, हुक काढून घेतलेली. समोरच्याला खाली दाबून धरायचं आणि त्याला उठू द्यायचं नाही, हे तिचं बळ. वाटणीत दुरावलेले दोन हिस्से पिंजऱ्यात पुन्हा एका छपराखाली आले.

ते एकत्र कसे चालतात हे काझुशी साकुराबानं दाखवलं. कॉलेजात हौशी कुस्ती, मग ठरवलेल्या कुस्त्यांचा धंदा, आणि शिकवायला रायलीच्याच तालमीतला बिली रॉबिन्सन. २००० च्या मे महिन्यात त्यानं रॉयस ग्रेसीला ९० मिनिटं झुंजवलं. शेवटी रॉयसच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. ऑगस्टमध्ये समोर रेंझो ग्रेसी होता. दुसरी फेरी संपायला काही सेकंद उरले असताना रेंझोनं उभ्यानं साकुराबाची पाठ धरली होती. जुजुत्सूच्या हिशेबानं पारडं रेंझोकडं झुकलेलं. साकुराबानं पोटाशी आलेलं त्याचं मनगट डबल रिस्टलॉकमध्ये घेतलं, गर्रकन वळला आणि त्याला घेऊनच खाली गेला. रेंझोनं हार मानली नाही. हात निखळला, आणि पंचानं लढत थांबवली.