उकाई

उकाई : गुजरातमधील तापी जिल्ह्याच्या (2007 पूर्वी सुरत जिल्हा) सोनगड तालुक्यातील तापी नदीवरचे धरणस्थळ. सुरतेच्या पूर्वेस सुमारे 100 किमी. बडोद्याआधी गायकवाडांची सत्ता जवळच्या सोनगड किल्ल्यातून चाले; पिलाजीराव गायकवाडांच्या काळातील बुरूज सोनगड गावावर अजून उभे आहेत. धरण 1972 मध्ये पूर्ण झाले; लांबी 4,927 मी., सांडव्याला 22 वक्र दरवाजे. साठवण क्षमता मुळात 8,511 दशलक्ष घनमीटर होती. गाळामुळे ती सुमारे 7,400 वर आली आहे. जलाशयामुळे सुमारे 170 गावे बाधित झाली, त्यांतील बहुसंख्य लोक आदिवासी.

उकाईचा खरा धोका भिंतीत नाही, पातळीच्या हिशोबात आहे. पूर अडवायचा तर जलाशयात जागा रिकामी हवी. कालवे, वीज आणि सुरतेचे पिण्याचे पाणी यांसाठी तो भरलेला हवा. म्हणून पातळीचे वेळापत्रक आहे : 1 जुलैला 321 फूट, 1 ऑगस्टला 333, आणि 345 ची पूर्ण पातळी पावसाळा सरताना ऑक्टोबरमध्ये. ऑगस्ट 2006 मध्ये या हिशोबाची कसोटी लागली. धरणातून सुमारे 9 लाख क्युसेक पाणी सोडावे लागले, नारळी पौर्णिमेचे उधाण तोंडावर होते, आणि सुरतेच्या होप पुलाशी 9.5 मीटरची धोक्याची खूण ओलांडून पाणी 12 मीटरच्या वर गेले. बहुतेक शहर बुडाले. येवा (जलाशयात येणारे पाणी) अफाट होता, धरण नसते तर अनर्थ मोठा झाला असता, असे यावर सांगितले जाते. ते खरेच आहे. सोडलेले पाणी येव्याहून कमीच होते. पण शहराला सोसेल एवढा विसर्ग काही दिवस आधी सुरू झाला असता, तर शेवटचा लोंढा नक्कीच कमी झाला असता. पाऊस फिरला तर सोडलेले पाणी वाया जाईल, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार. दुष्काळी वर्ष पाहिलेला शेतकरी तो घेणारच. त्यावर उपाय नदीच्या वरच्या भागातून येणाऱ्या खबरीचा. तापी, पूर्णा आणि गिरणा यांचे पाणी जळगाव, धुळे, नंदुरबारमधून येते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची वर्दी उकाईला वेळीच मिळाली, तर अंदाजाऐवजी मोजलेल्या पाण्यावर निर्णय घेता येतो. मात्र हतनूरच्या खाली पडणारा पाऊस या खबरीत येत नाही. तिथे पर्जन्यमापकांचा आधार घ्यावा लागतो. शिवाय सुरतेत नदीपात्रालगतची वस्ती वाढत गेली, तसतसा सोसणारा विसर्ग कमी झाला. वेळापत्रक धरणावर पाळले जाते. पात्र राखणे शहराच्या हाती.

जलविद्युत 300 मेगावॉट. औष्णिक केंद्रही आहे. सोनगडला कागद कारखाना. मासेमारी चालते.