माणूस आडवा होते का हिच्यात?

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी सिंदेवाहीजवळ माझ्या मोठ्या मामाच्या गावी गेलो होतो. एरवी एसटीने जातो. या वेळी थाट वेगळा होता. कंपनीतल्या एका जुन्या मित्राला ताडोबा बघायचं होतं. या मित्राने मध्यंतरी स्वतःची कंपनी काढली आणि विकलीही (मी अजून एक तारखेची वाट बघतोय, असो). त्याची गाडी म्हणजे मर्सिडीजची ईक्यूएस एसयूव्ही. विजेवर चालणारी, सात सीटची. उमरेड, भिवापूर, नागभीड करत आम्ही गावात पोहोचलो. इंजिनाचा आवाजच नाही, त्यामुळे कुत्रीसुद्धा उशिरा भुंकली :-)

मामाच्या गल्लीत मात्र गाडी शिरली नाही. ती गल्ली बंडीच्या मापाची आहे. आपण 'चाकोरी' हा शब्द ऑफिसला शिव्या घालताना वापरतो, पण चाकोरी म्हणजे मुळात बैलगाडीच्या चाकांनी पडलेली वाट. गावं त्या मापाने वसली. आमची गाडी १,९५९ मिलिमीटर रुंद, आरसे सोडून. ती देवळापाशीच राहिली.

मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. काठी टेकत आला, गाडीभोवती एक चक्कर मारली, पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "गाडी तं लय मोठी हाय रे बाबू. पन मानूस आडवा होते का हिच्यात?"

मित्र हसला. म्हणाला, "मामा, सात माणसं बसतात हिच्यात."

"बसते ते दिसून रायलं मले. आडवा होते का?"

त्या प्रश्नाने माझा तो वीकएंड खाल्ला, आणि हा लेखही.

आधी आकडे बघू. गाडी ५,१२५ मिलिमीटर लांब, १,७१८ उंच, आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ३,२१० मिलिमीटरचं अंतर. तिसरी रांग उभी असेल तर मागे सामानाला १९५ लिटर जागा उरते. दोन्ही रांगा पाडल्या तर दोन हजार लिटरच्या आसपास. हे लिटर मोजायची पद्धत मोठी मजेशीर आहे. जर्मन वाहन उद्योगाच्या मापात डिकीत पाणी ओतत नाहीत, २०० × १०० × ५० मिलिमीटरचे ठोकळे रचतात. एक ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर. जितके ठोकळे बसले तितके लिटर. हुशारीची गोष्ट आहे, कारण कानाकोपऱ्यातली निरुपयोगी जागा त्यात धरली जात नाही.

पण मामाच्या प्रश्नाला हे माप उत्तर देत नाही. माणसाचं घनफळ साधारण सत्तर लिटर असतं. म्हणजे हिशेबाने १९५ लिटरच्या डिकीत पावणेतीन माणसं मावायला हवीत! ठोकळ्यांची बेरीज होते, माणसाची होत नाही. त्याला लांबी लागते. आपण सॉफ्टवेअरवाले रोज हेच करतो: एक सोयीचा आकडा डॅशबोर्डवर लावतो आणि ज्याला ज्या आकाराची गरज आहे तो आकार त्या आकड्यात हरवतो.

आता थोडं मागे जाऊ. आम्ही गाडी उभी केली त्याच मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी एक फार मोठा माणूस आपलं सामान घेऊन फिरला होता, बैलगाडीतून.

गोष्ट सुरू होते १८८२ मध्ये. रिटर फॉन श्वार्त्स नावाच्या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोखंड बनवणं कितपत परवडेल याचा अहवाल लिहिला. (चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही. गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला.) अहवालात लोहारा इथल्या लोहखनिजाची तारीफ होती, आणि वरोऱ्याला कोळशाची खाण होतीच. तो अहवाल जमशेटजी टाटांच्या हातात पडला. त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्येच सुरू झाली होती, म्हणजे चांदा त्यांना काही परका नव्हता. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासायला जर्मनीला पाठवला, पण तो पोलादाच्या कामाचा निघाला नाही. खाणीसंबंधीचे सरकारी नियमही असे की धंदा करणाऱ्याने घरीच बसावं. विषय बारगळला, जमशेटजींच्या डोक्यातून मात्र गेला नाही.

वीसेक वर्षांनी नियम सैल झाले. जमशेटजींनी अमेरिकेत जाऊन चार्ल्स पेज पेरिन या इंजिनियरला गाठलं आणि पेरिनने आपला भूगर्भतज्ज्ञ सी. एम. वेल्ड याला इकडे पाठवलं. १९०३-०४ च्या सुमारास वेल्ड, जमशेटजींचे थोरले चिरंजीव दोराबजी आणि भाचा शापुरजी सकलातवाला असे चांद्याच्या जंगलात लोखंड शोधत हिंडले. (हेच सकलातवाला पुढे ब्रिटिश पार्लमेंटात कम्युनिस्ट खासदार झाले. टाटांच्या घरातून!) त्याच्या काही वर्षं आधी न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बॅटरीवरच्या टॅक्स्या धावू लागल्या होत्या. इकडे टाटांची स्वारी बैलगाडीत.

त्या गाडीत काय भरलं होतं याची पूर्ण यादी मिळत नाही. एक गोष्ट मात्र टाटा स्टीलच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. पाण्याचे इतके हाल होते की एकदा त्यांना सोडावॉटरमध्ये चहा करावा लागला. मला ही गोष्ट आधी नुसती गमतीची वाटायची. आता वाटतं की सगळं त्यात आलं. सोड्याच्या बाटल्या गाडीत होत्या, कारण जिथे जायचं होतं तिथे पाण्याचा भरवसा नव्हता. प्रवासाच्या सामानाची यादी म्हणजे मुक्कामी काय मिळणार नाही त्याची यादी. आमच्या डिकीत तरी काय होतं? वीस लिटरचा पाण्याचा जार, चार्जिंगची लांब केबल आणि औषधांची पिशवी.

आणखी एक गंमत. बंडीच्या लाकडी चाकाला जी लोखंडी पट्टी ठोकतात तिला 'धाव' म्हणतात. या भागात लोखंड गाळणारे लोक आणि त्यांच्या मातीच्या भट्ट्या पूर्वापार होत्या. म्हणजे लोखंड शोधायला निघालेली मंडळी लोखंडाच्याच धावेवर फिरत होती.

लोहाऱ्याचं खनिज उत्तम निघालं, पण साठा पोलाद कारखान्याच्या भुकेपुढे तुटपुंजा. वेल्डने नकार दिला. दोराबजी हे कळवायला नागपूरला चीफ कमिशनरकडे गेले, वाट बघावी लागणार होती म्हणून जवळच्या म्युझियममध्ये शिरले, आणि तिथे भिंतीवरच्या भूगर्भाच्या नकाशात दुर्ग जिल्ह्यावर गडद रंग दिसला. तिथून राजहरा, तिथून पुढे भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांच्या पत्रामुळे मयूरभंज, आणि शेवटी जमशेदपूर. जमशेटजी १९ मे १९०४ ला जर्मनीत वारले, त्यांना हे काही बघायला मिळालं नाही. टाटांची पोलाद कंपनी स्थापन झाली २६ ऑगस्ट १९०७ ला. हो, तीच तारीख, जिला पंचाहत्तर वर्षांनी गडचिरोली जिल्हा जन्मला. निव्वळ योगायोग.

टाटा गेले, आणि मग सिंदेवाहीला रेल्वे आली. छोटी लाईन, दोन रुळांमध्ये ७६२ मिलिमीटर. मित्राच्या गाडीच्या निम्मीसुद्धा रुंदी नाही. पण त्या अरुंद लाईनने दोन-तीन पिढ्या वाहून नेल्या. चांद्याकडचा भाग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला, नागपूर-नागभीडची छोटी गाडी मात्र २०१९ च्या नोव्हेंबरपर्यंत धावत होती.

चांद्याचं लोखंड तरी संपलं का? नाही. ते खाली दक्षिणेला होतं, तेव्हाच्या अहेरी जमीनदारीत, आजच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात. तिथल्या माडिया लोकांसाठी तो ठाकूरदेवाचा डोंगर. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथे खनिजाची सत्तर-ऐंशी वाहनं जाळली. नंतर खाण जोरात सुरू झाली, ट्रकांच्या रांगा लागल्या, रस्ते उखडले. २०२५ च्या जुलैमध्ये हेडरीहून कोनसरीपर्यंत ८५ किलोमीटरची पाईपलाईन सुरू झाली, तीतून खनिजाचा गाळ वाहून जातो. बंडी, छोटी लाईन, ट्रक, पाईप. मालाने स्वतःच्या मापाची वाट दर वेळी मिळवली.

माणसाचं काय झालं?

मामाच्या प्रश्नामागे एक रात्र आहे. ती मला आईने अर्धी सांगितली होती, उरलेली त्या संध्याकाळी मामाने ओट्यावर बसून सांगितली. माझ्या आईच्या वेळी आजी अडली. गाव सिंदेवाहीपासून चार कोस. बंडीत तणस पसरलं, त्यावर गोधडी, त्यावर आजी. मामा दहा वर्षांचा, हातात कंदील घेऊन बैलांच्या पुढे चालत होता. "बंडीत मानूस आडवा होते," मामा म्हणाला, "मनून तुही माय हाय, अन् तू हाय." बंडीचं माप खंडीत आणि पोत्यांत करायचे. पण अडीनडीला तिचं खरं माप एकच होतं.

हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला २३ डिसेंबर १९७३ ला. तेव्हा पावसाळ्यात तिकडचा संपर्क तुटायचा, धान्य आणि औषधं आधीच भरून ठेवावी लागायची. पुन्हा तीच यादी, मुक्कामी काय नाही त्याची. आणि अलीकडेपर्यंत भामरागड-एटापल्लीकडून दर पावसाळ्यात बातमी आलीच आहे: नाल्याला पूर, रस्ता नाही, पेशंटला खाटेवर घालून खांद्यावरून आणलं. खाट म्हणजे माणूस आडवा होईल असं सगळ्यात जुनं वाहन.

सप्टेंबर २०२४ मध्ये मित्राच्या गाडीचं हे मॉडेल, चाकणला जुळवलेलं, भारतात विक्रीला आलं. किंमत एक कोटी ४१ लाख. त्याच सप्टेंबरात अहेरी तालुक्यात तापाने गेलेल्या आपल्या दोन लहान मुलांना खांद्यावर घेऊन एक आईबाप चिखलातून पंधराएक किलोमीटर चालत घरी गेले. रुग्णवाहिका मिळाली नाही. एका वर्तमानपत्रात गाडीची बातमी आणि दुसऱ्या पानावर ही, असं मी तेव्हा वाचलं होतं. त्या वेळी दोन्ही वाचून पुढे गेलो.

मित्राला दोष द्यायचा नाहीये. पैसा त्याच्या कष्टाचा आहे, गाडी झकास आहे, आणि येताना एसीत झोपलो होतो तो मीच. तरी सव्वाशे वर्षांचा हा हिशेब मांडल्यावर मला एवढंच दिसतं की या मुलखात काय बाहेर न्यायचं हे आपण फार बारकाईने मोजलं. साग मोजला, कोळसा मोजला, खनिज मोजलं. आडव्या माणसाला किती लांबीची जागा आणि किती रुंदीची वाट लागते, हे मोजायचं राहिलं.

रविवारी सकाळी निघण्याआधी मित्राने स्वतःहून मागच्या दोन्ही रांगा पाडल्या. मामा म्हणाला, "तू निज बाबू, मले उठता नाई येत." मी आडवा झालो. पाय सरळ झाले. काचेच्या छतातून देवळाजवळचं कडुनिंबाचं झाड दिसत होतं.

मामाने वाकून बघितलं, मान हलवली. "होते," म्हणाला. मग गल्लीकडे काठी दाखवली. "पन घरापाशी तं येत नाई."